समुद्रतळाच्या जिवाचं बारसं

माझ्या धाकट्या बहिणीनं समुद्राच्या तळाशी राहणारा, तोवर जगात कुणालाच ठाऊक नसलेला एक जीव शोधला आणि त्याला आमच्या आईचं नाव दिलं. यात कुणाला राग येण्यासारखं काय आहे, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या नावावरून पाथरीत आमच्या घरात जे महाभारत झालं, ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

आमचं घर कापड दुकानदाराचं. मुख्य रस्त्यावर दुकान, दुकानाच्या पाठीमागं घर. दुकान अप्पांचं आणि मोठ्या काकांचं मिळून, पण गल्ल्यावर काका बसायचे आणि घरातही शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंड्याचं नावसुद्धा घरात काढायची सोय नाही. अशा घरातली पोरगी प्राणिशास्त्र शिकली, इथवर चालून गेलं. पुढं ती समुद्रकाठच्या एका संस्थेत लागली आणि समुद्राच्या तळाला राहणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करायला लागली. ‘मासोळ्यांत हात घालती म्हणं तुमची पोरगी,’ असं कुणी म्हणू नये म्हणून अप्पा विचारणाऱ्याला सांगायचे, ती पाण्याचं संशोधन करते.

आमच्याकडं पाण्याचं संशोधन म्हणजे एकच. ती सुट्टीला आली की आसपासच्या गावांतली ओळखीची गिऱ्हाईकं चपला काढून ओट्यावर येऊन बसायची. “ताई, आमच्या रानात बोअर कुठं घ्यावा, तेवढं सांगा.” ती हसून म्हणायची, “मामा, मला खारं पाणी कळतं. गोड्यातलं काईच कळत न्हाई.” त्यांचा विश्वास बसायचा नाही. एवढं शिकून पाणी सांगता येत नाही, म्हणजे पोरगी सांगायचं टाळतेय, असंच त्यांना वाटायचं.

मी थोरली. लग्न होऊन परभणीत आले, इथल्याच एका शाळेत मराठी शिकवते. धाकटी जहाजावरून परत आली की मला फोन करायची आणि तासनतास बोलायची. त्या जिवाची पहिली गाठ कशी पडली, ते तिनं मला तेव्हाच सांगितलं होतं. जहाजावरून एक कॅमेरा दोरानं खाली सोडलेला. खाली म्हणजे कित्येक किलोमीटर खाली, जिथं सूर्याचा एक किरण पोचत नाही. पडद्यावर नुसता करडा चिखल दिसत होता. त्यात मध्येच गुलाबी-जांभळ्या रंगाचं काहीतरी झिरझिरीत पडलेलं. सगळ्यांना वाटलं, प्लास्टिकची पिशवी आहे, इथंही आलीच म्हणायची. कुणीतरी शिवीही हासडली.

“आन् अक्का, मग ती पिशवी चालायला लागली,” ती म्हणाली.

समुद्रकाकडीच्या जातीचा होता तो जीव. हातभर लांब, अंग काचेसारखं, पोटातला चिखलसुद्धा बाहेरून दिसावा. खालच्या अंगाला बोटांसारखे मऊ मऊ पाय, तोंडाभोवती फुलासारख्या मिशा. तळावरचा चिखल खायचा, त्यातला कस तेवढा घ्यायचा आणि पुढं चालायचं. तो वर आणला, तर जाळ्यात त्याचा नुसता लगदा होऊन हाती आला. पुढच्या सफरींत नीट नमुने मिळाले. असा प्राणी आजवर कुणीच नोंदवलेला नाही, हे सिद्ध करायला तिची काही वर्षं गेली. देशोदेशीच्या संग्रहालयांतल्या बरण्यांशी तिनं तो ताडून पाहिला.

नव्या जिवाचं नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द त्याच्या कुळाचा, तो ठरलेला. दुसरा शब्द मात्र जो त्याची ओळख पहिल्यांदा जगासमोर मांडतो, त्यानं ठेवायचा. धाकटीनं तिथं आईचं नाव घातलं, शेवटाला थोडं लॅटिन वळण देऊन. पण तिनं घातलं ते आईचं माहेरचं नाव.

आईची दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. तिला विचारलं, ती ‘नको’ म्हणाली.

आई पेडगावची. तिचं लग्न झालं त्याच सुमाराला आजोबांनी पाथरीत दुकान उघडलं होतं. पाटी रंगवून आली होती. मांडवात ताटामध्ये तांदूळ पसरले आणि अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा आजोबा म्हणाले, “दुकानाचंच नाव ठिवा. लक्ष्मी एकदमच दोन्हीकडून यील.” झालं. दुकानाच्या पाटीवरचं नाव आईला चिकटलं. घरात ही गोष्ट कौतुकानं सांगायचे. लहानपणी मलाही ती मोठ्या मानाची गोष्ट वाटायची. आपल्या आईच्या नावाचं दुकान आहे, असं मी वर्गात सांगत फिरायचे. उलटं आहे, दुकानाच्या नावाची आई आहे, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं.

माझ्या लग्नात आईनं माझ्या सासूला बाजूला घेऊन एकच गोष्ट मागितली होती. “हिचं नाव तेवढं बदलू नगा.” मानपानाचं, देण्याघेण्याचं ती एक अक्षर बोलली नाही. सासूबाई भल्या, त्या ‘बरं’ म्हणाल्या. असं का मागितलंस, हे मी तिला त्या गडबडीत विचारलं नाही आणि नंतरही विचारायचं सुचलं नाही.

तर, शोधाची बातमी आली तेव्हा पहिल्या दिवशी घरात दिवाळीच होती. एका दैनिकाचा बातमीदार दुकानात येऊन गेला. काकांनी त्याला चहा पाजला, पेढे वाटले, पुतणीला लहानपणापासून आपणच कसं उत्तेजन दिलं ते सांगितलं. खरं म्हणजे बारावीनंतर तिला पुढं शिकवू नका, असं सांगणारे तेच होते. समाजाच्या सभागृहात सत्कार ठेवायचंही त्यांनी त्याच बैठकीत ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. ‘नव्या जिवाला दिले आईचे नाव,’ असा मथळा आणि खाली ते नाव.

अप्पांचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. “तू ये इकडं,” एवढंच म्हणाले. मी रजा टाकली, मिळेल ती एसटी धरली आणि पाथरी गाठली. बैठकीत काका, अप्पा आणि पोखर्णीहून तातडीनं आलेली आत्या बसलेले. आई आत हरभऱ्याची भाजी निवडत होती. मी उंबऱ्यातून आत पाऊल टाकते न टाकते तोच काकांनी पेपर माझ्यापुढं आपटला.

“हे कुणाचं नाव हाय? आपल्या घरात ह्या नावाची बाई न्हाई.”

“काका, आईचं आहे. माहेरचं.”

“माहेरचं नाव मांडवातच संपलं. आता ते कुण्या बाईचंच नाव न्हाई.”

कुण्या बाईचंच नाव न्हाई! ती बाई दहा हातांवर आत बसली होती. हे सगळं तिच्या कानांवर पडत होतं. मी अप्पांकडं पाहिलं. ते टेबलफॅनच्या जाळीकडं पाहत होते. थंडीचे दिवस, फॅन बंद होता.

“आन् दिलं तर दिलं, कशाला दिलं?” आत्या म्हणाली. “असल्या लिबलिबीत गोळ्याला! तोंड कुठं आन् बूड कुठं, काई कळंना. चिखल खातंय म्हणं ते. आमच्या सासरी लोक हसायलेत मला.”

“नाव द्यायचंच व्हतं तर दुकानाचं द्यायचं,” काका म्हणाले. “तिचं खरं नाव तेच हाय की. साऱ्या दुनियेत आपलं नाव गेलं असतं.”

म्हणजे लिबलिबीत गोळा दुकानाच्या नावाला चालत होता! चिखल खाणंही चालत होतं. पाटीवरचं नाव असतं तर तोच गोळा रत्न ठरला असता. मी हे बोलून दाखवलं. काका म्हणाले, “तू आता परक्या घरची, तू यात पडू नको.” मग मला कशाला बोलावलं होतं? तर धाकटीला समजवायला. माझं ऐकते म्हणून.

त्यांनी तिला फोन लावून स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून ती शांतपणे म्हणाली, “काका, आता ते बदलता येत न्हाई. एकदा रीतीनं छापून आलं की ते कायमचं. मला स्वतःलाबी न्हाई बदलता येत.”

“बदलता येत न्हाई म्हंजे? आधार कार्डावरचं बदलतंय, सातबाऱ्यावरचं बदलतंय, आन् एका काकडीचं बदलत न्हाई?”

“न्हाई बदलत.”

मला त्या क्षणी हसूही आलं आणि रडूही. समुद्राच्या तळाशी चिखल खाणाऱ्या, डोळे नसलेल्या एका जिवाच्या नावाला जगातला कुणी हात लावू शकत नाही. आणि माझ्या आईचं नाव, वीसेक वर्षं तिनं वापरलेलं, तिच्या आईबापांनी ठेवलेलं, ते एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या मनात आलं म्हणून ताटभर तांदळात पुसलं गेलं. कुणी हूं का चूं केलं नाही. नाव बदललं म्हणजे काय, नुसती रीत, असं म्हणणाऱ्यांनाच आता एका अनोळखी जिवाचं नाव बदलायला हवं होतं आणि ते बदलत नाही म्हणून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी हे सगळं मोठ्यानं बोलले. भावकीत आजवर एवढ्या चढ्या आवाजात मी कधी बोलले नव्हते.

तेवढ्यात आई बाहेर आली. हातात भाजीचं सूप तसंच. मला वाटलं, आता ती धाकटीच्या बाजूनं बोलेल. ती फोनपाशी वाकली.

“मला इचारलं व्हतंस का?” ती म्हणाली.

“आई, मला वाटलं तुला आवडंल…”

“आवडंल का न्हाई, ते इचारल्यावर कळतंय. तू बी न इचारता ठिवलंस. तू शिकलेली.” मग ती सरळ झाली आणि काकांकडं वळली. अप्पांच्या थोरल्या भावापुढं तिनं तोवर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आताही दिला नाही. “भाऊजी, आन् तुमी म्हणायलात, ते नाव कुण्या बाईचं न्हाई. माझं हाय ते. मी कुणाला दिलेलं न्हाई.”

आणि ती आत जाऊन पुन्हा भाजी निवडायला बसली. काकांनी फोन बंद केला. आत्या “बाई बाई बाई” करत राहिली.

मला आईचाही राग आला, खोटं कशाला सांगू. पोरीनं एवढं जीव ओतून केलं आणि चार माणसांत तिलाच बोल लावला. मी आत जाऊन तिच्याशेजारी बसले आणि तसं म्हणाले. तिनं मान वर केली नाही.

“तुझा मामा व्हता तवर त्या नावानं हाक यायची,” ती म्हणाली. “वर्सातून एकदा, दोनदा. तो गेला, हाक बी गेली. मग ते माझ्या एकलीजवळ राहिलं व्हतं. हिनं ते पेपरात देऊन टाकलं. आता ते काका बी वाचायलेत आन् आत्या बी वाचायली.”

मी तिच्यासोबत भाजी निवडत बसले.

धाकटी सत्काराच्या दोन दिवस आधी आली. डोळे सुजलेले. आल्या आल्या आईच्या पाया पडली, तेव्हा आईनं डोक्यावर हात ठेवला. जेवणं झाल्यावर धाकटीनं लॅपटॉप उघडला आणि तिला तळावरचं चित्रीकरण दाखवलं. आई चष्मा लावून, पडद्याला नाक लागेल इतकी जवळ बसली. तो झिरझिरीत जीव चिखलातून हळूहळू चालत होता.

“उजेड न्हाई का तिथं?”

“न्हाई. हा आमच्या बत्तीचा उजेड.”

“मग ह्याला दिसतंय कसं?”

“डोळेच न्हाईत त्याला.”

“पोटातलं सगळं दिसायलंय की गं.” ती थोडी हसली. “एकलंच हाय का?”

“न्हाई. कधी कधी कळपच्या कळप असतेत.”

आईनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, “आत्या म्हणती तेवढं काई वंगाळ न्हाई. पाय तर लय गोड हायत.”

धाकटीनं तिचा हात धरला. “आई, मी चुकले. आता इचारते. तुझं नाव राहू द्यावं का? बदलता तर येत न्हाई. पण तू न्हाई म्हणालीस तर मी ते कुठं मोठ्यानं सांगणार न्हाई.”

“बघते,” आई म्हणाली. “आताच काय सांगू.”

सत्काराच्या दिवशी आम्ही सभागृहाशी पोचलो तर दारावर भलामोठा फ्लेक्स. काकांचा फोटो सगळ्यांत मोठा, मग प्रमुख पाहुण्यांचा, मग अप्पांचा, आणि कोपऱ्यात धाकटीचा, तोही शाळेतला. मध्यभागी कुठूनसा उचललेला एक भला थोरला आठ पायांचा प्राणी, ज्याचा आमच्या समुद्रकाकडीशी दूरचाही संबंध नव्हता. आणि त्याखाली ठळक अक्षरांत, या जिवाला मातोश्रींचे नाव दिल्याबद्दल अभिनंदन, म्हणून दुकानाचं नाव! सरळ सरळ खोटं, रंगीत शाईत छापून रस्त्यावर टांगलेलं. धाकटी फ्लेक्सपुढंच अडून राहिली. मी काकांना गाठलं. ते म्हणाले, “गावातल्या लोकांना कशाला पाहिजे ते लॅटिन? आपलं काम झाल्याशी मतलब.”

भाषणं झाली. प्रमुख पाहुणे म्हणाले, या लेकीनं सागरातून मोती काढला, आता घरच्यांनी तिच्यासाठी हिरा बघावा. लोक हसले, टाळ्या वाजल्या. वर्षानुवर्षं चिखल चाळून केलेल्या कामाची तेवढीच चर्चा झाली. मग सूत्रसंचालकानं माइकवरून आईला पुकारलं, दुकानाच्या नावानं. साडी-चोळी देऊन सत्कार व्हायचा होता.

आई माझ्याशेजारी बायकांच्या रांगेत बसली होती. ती उठली नाही.

त्यानं पुन्हा पुकारलं. बायका मागून ढोसायला लागल्या. “अवं, तुमालाच बलवायलेत.”

“मला न्हाई बलवायलेत,” आई म्हणाली.

काका स्टेजवरून खाली बघत होते. कपाळावरची विभूती घामानं ओली झालेली. ते माइकजवळ गेले आणि म्हणाले की वहिनीची तब्येत बरी नाही. वहिनी! धाकट्या भावाच्या बायकोला ते वहिनी म्हणाले. तिला कोणत्या नावानं बोलवावं हेच त्यांना सुचेना झालं होतं. मग त्यांनी आत्याला हात केला, तिच्या वतीनं तू घे. आणि आत्या खरंच उठली, स्टेजवर गेली, साडी घेतली, हार घातला, फोटो काढला. माझ्या डोळ्यांपुढं आईचा सत्कार आत्याचा झाला!

धाकटीनं तेव्हा माइक हातात घेतला. सूत्रसंचालकानं दिला नव्हता, तिनं घेतला. सभागृहाला काही न सांगता ती थेट आमच्या रांगेकडं पाहून म्हणाली, “आई, सांगू का?”

सगळ्या माना मागं वळल्या. आईनं पदर नीट केला. ती बसल्या जागेवरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सांग.”

धाकटीनं ते नाव सांगितलं. फ्लेक्सवरचा प्राणी वेगळा आहे आणि त्यावरचं नावही खोटं आहे, हेही सांगितलं. मग तो जीव कसा दिसतो, कसा चालतो, तळाचा चिखल तो कसा उलथापालथा करतो आणि त्यावर बाकी जिवांचं कसं चालतं, ते आमच्या बोलीत सांगितलं. पुरुषांच्या रांगेतून दोघं-तिघं उठून गेले. बायकांतून मात्र एकही उठली नाही. एका म्हातारीनं मध्येच विचारलं, “पोरी, त्याला लेकरं कशी व्हतेत?” आणि धाकटीनं तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याच दैनिकात सत्काराची बातमी आली. जिवाचं नाव म्हणून दुकानाचंच नाव छापलं होतं, कारण बातमी काकांनी आधीच लिहून दिली होती. मी कचेरीत फोन केला. पलीकडचा माणूस अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाला, “ताई, एका नावानं असा काय फरक पडतो?” दुरुस्ती छापा म्हणून मी त्यानंतरही मागं लागले. आजतागायत छापली नाही. फ्लेक्स पावसात फाटेपर्यंत तिथंच होता.

काका धाकटीशी बोलत नाहीत. माझ्याशी कामापुरतं बोलतात. आत्यानं ती साडी परत आणून दिली नाही. आईनंही मागितली नाही, म्हणाली, रंग वंगाळ व्हता.

अप्पांचं काय, असं मला पुष्कळ जण विचारतात. अप्पा त्या सगळ्या प्रकारात एक शब्द बोलले नाहीत, आणि मी त्यांना त्याची माफी दिलेली नाही. पाथरीला दर्शनाला येणारे यात्रेकरू दुकानात शिरतात, कधी कुणी पेपरातलं आठवून त्या जिवाबद्दल विचारतं. मागच्या सुट्टीत मी दुकानात बसले होते, तेव्हा एका गिऱ्हाइकानं विचारलं. अप्पा कापड मोजत होते. म्हणाले, “व्हय, आमच्या मंडळीचं नाव हाय. माहेरचं.” आणि ते नाव त्यांनी घेतलं. हळू घेतलं, काका गल्ल्यावर नव्हते, तरी हळूच घेतलं.

मी घरात जाऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं, “गिऱ्हाइकानं कापड घेतलं का?”

मी म्हणाले, घेतलं.

“बरं,” ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.